हंबीररावांच्या भाकऱ्या

माझ्या वडिलांचं नाव हंबीरराव. अशा नावाच्या माणसानं घोड्यावर बसावं, गेला बाजार तालमीत तरी जावं. आमचे हंबीरराव चुलीपुढं पाटावर बसत आणि भाकऱ्या थापत. साडेदहा वाजले की काळा कोट चढवून ते कचेरीत जात आणि हेडक्लार्क होत. पण त्यांचा खरा हुद्दा सकाळी सात ते नऊ या वेळातला होता, आणि तो घराबाहेर कुणाला सांगायचा नाही असा आमच्या घरचा कायदा होता.

घरात आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. खाण्यावर जीव असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातली बहुतेक बासुंदी-श्रीखंडाच्या गोष्टी सांगत बसतात. तात्यांचं तसं नव्हतं. पुरणपोळीला ते तोंडदेखलं "बरी झालीय" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कांद्याची पात घालून केलेल्या पिठल्यापुढं बसले की डोळे मिटून घ्यायचे. त्यांचा जीव रोजच्या जेवणात होता. कोल्हापुरातल्या कपिलतीर्थाच्या मंडईतून अंबाडीची जुडी आणली की आधी एक पान मला चघळायला द्यायचे आणि माझं तोंड वाकडं झालेलं बघून खूश व्हायचे. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, वांग्याचं भरीत, तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडलेला खर्डा. खर्ड्याच्या मिरच्या भाजायला लागले की भिंतीपलीकडच्या बायडाबाई खोकत ओरडायच्या, "ओ हेडक्लार्क, जीव घेतासा काय आमचा?" सगळ्या गल्लीत तेवढ्या बायडाबाईंना आमचं गुपित ठाऊक होतं, कारण नाक बंद करून कुणाला राहता येत नाही.

यात गुपित ठेवण्यासारखं काय होतं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आज तर रागच येतो. कोल्हापुरात पुरुषानं स्वयंपाक करू नये असं मुळीच नाही. मटणाचं पातेलं चुलीवर चढलं की गल्लीतले सगळे मिशीवाले बाह्या सरसावून पळी फिरवायला पुढं. रस्सा ढवळणारा तो मर्द गडी, आणि भाकरी थापणारा तो बायल्या! हा कायदा ज्यांनी केला ते एकदा मला भेटायला हवेत.

तात्या भाकरी शिकले ते भुकेनं शिकले. आमचं मूळ घर मुरगूडचं, शेतकऱ्याचं. तात्या शिकायला कोल्हापुरात खोली घेऊन राहिले, तेव्हा त्यांची आई, म्हणजे माझी आजी धोंडुबाई, दर दोन दिवसांनी मुरगूडच्या मोटारीतून भाकऱ्यांचं गाठोडं पाठवायची. सदतीस साली आजी अचानक गेली आणि गाठोडं बंद झालं. खाणावळीतली भाकरी तात्यांच्या घशाखाली उतरेना. मग त्यांनी खोलीवर पीठ आणलं आणि लहानपणी आईच्या शेजारी बसून जे पाहिलं होतं, ते आठवून आठवून करायला लागले. आदणाचं पाणी किती कढत, पीठ किती मळायचं, कड पातळ कशी सोडायची. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या कुत्र्यानंही हुंगून सोडल्या असं ते सांगायचे. एके दिवशी मात्र भाकरी टम्म फुगली, त्यांनी पापुद्रा सोडवला, घास खाल्ला आणि एकटेच बसून रडले. आईची भाकरी परत मिळाली होती.

पुढं लग्न झालं. माझी आई, पद्मजा, शहरात वाढलेली आणि मास्तरांची मुलगी. सेहेचाळीस साली ती मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. तिची शाळा सकाळची, तात्यांची कचेरी साडेदहानंतरची. त्यामुळं सकाळची चूल आपोआप तात्यांकडं गेली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांनी मागून घेतली. आई चपात्या करायची, भात करायची, आमटी तर फारच सुरेख करायची. भाकरी मात्र तिला येत नव्हती. ती थापायची तेव्हा भाकरीला भावकीत वाटणी झालेल्या वावरासारखे कोपरे फुटायचे.

सगळा घोटाळा झाला तो आण्णांमुळं. आण्णा म्हणजे तात्यांचे वडील. त्याच साली एका रविवारी ते बाजाराला म्हणून कोल्हापुरात आले आणि न सांगता आमच्या दारात उभे राहिले. आई बाहेरच्या सोप्यात वह्या तपासत होती. तात्या आत, कोपरापर्यंत पिठात. त्या काळी सासरा सुनेच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. आण्णा तर खाकरल्याशिवाय सोप्यातही पाऊल टाकत नसत. आईनं डोक्यावर पदर घेतला, आत गेली आणि ताट वाढून आणलं. आण्णांनी एक घास खाल्ला आणि थांबले. मग मान खाली घालून चार भाकऱ्या संपवल्या. हात धुतल्यावर म्हणाले, "सूनबाई, हंबीरची आई गेल्यापास्नं असली भाकरी आज खाल्ली बगा. तुमच्या हाताला तिचा गुण हाय."

आतमध्ये तात्यांनी हे ऐकलं. भाकरी आपण केली असं सांगितलं तर आण्णांना भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांना वाटलं. ते परसदारानं बाहेर पडले, नळाखाली डोकं भिजवलं आणि पुढच्या दारानं आत येत म्हणाले, "आण्णा, कवा आलासा? मी आंगुळीला गेलतो."

झालं. तेव्हापासून आण्णा दर रविवारी यायला लागले. बाजार हे निमित्त. काही वेळा तर ते पिशवीही आणायला विसरायचे. आणि आण्णा आले की तात्या आंघोळीला! आई-तात्या दोघं आत, थप् थप् आवाज, बाहेर आण्णा समाधानानं मान डोलावत बसलेले. कधीकधी म्हणायचे, "ह्यो हंबीर येवडा येळ आंगूळ करतोय का म्हस धुतोय?" मी तोंडात पदर, म्हणजे परकराचा बोळा, कोंबून पळायची.

आईला हे अजिबात मानवत नव्हतं. आठवडाभर मुलींना खोटं बोलू नका म्हणून शिकवायचं आणि रविवारी न केलेल्या भाकरीची शाबासकी घ्यायची. ती तात्यांना म्हणायची, "एक दिवस मी सांगून टाकणार आहे." तात्या हात जोडायचे. "तू सांगितलंस तर ते परत येणार नाहीत गं. दुसरीकडं कुठं मिळणार त्यांना ही भाकरी?" मग आई वह्या उघडून बसायची. अशी सात वर्षं गेली.

पण आण्णा गप्प बसणारे नव्हते. मुरगुडात ते धाकट्या भावाच्या घरात जेवायचे. धाकट्या भावाची बायको चिमणाबाई, आम्ही तिला चिमणाकाकी म्हणायचो. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनं त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही, अशी रीत. मग आण्णा सोमवारी सकाळी ताटावर बसून भिंतीशी बोलायचे, "काल सुनंच्या हातची भाकरी खाल्ली. काय पापुद्रा, वा!" आणि भिंतीपलीकडं चिमणाकाकी जळत्या चुलीपुढं बसून हे ऐकायची. सात वर्षं, दर सोमवारी. मी तिच्या जागी असते तर भाकरीत खडे घातले असते.

तिनं तसं केलं नाही. तिनं त्रेपन्न सालच्या म्हाईची वाट पाहिली.

म्हाई म्हणजे देवीच्या नावानं भावकी आणि पैपाहुणे एकत्र जेवतात तो दिवस. पुरुषांनी मटण शिजवायचं, बायकांनी उघड्या अंगणात ओळीनं चुली मांडून भाकऱ्या थापायच्या. शंभर-दीडशे माणूस. त्या साली म्हाई आमच्या घराकडं होती आणि चिमणाकाकीनं सगळ्या बायकांत जाहीर केलं, "औंदा कोल्लापूरच्या सुनंला पयल्या चुलीवर बसवायची. बगू दे की सगळ्यास्नी तिचा गुण." आण्णांना तर आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या रविवारी येऊन त्यांनी आईला निरोप दिला आणि वर म्हणाले, "समदी वाट बगाल्यात तुमची."

त्या दिवशी आई तात्यांवर चिडली तशी पुन्हा कधी चिडली नाही. "आता मी तिथं जाऊन काय करू? सगळ्यांसमोर माझी फजिती, आणि मामंजींची त्याहून मोठी!" तात्या म्हणाले, "पंधरा दिवस आहेत. मी शिकवतो."

शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी शाळेच्या वह्या बाजूला ठेवून आई काठवटीपुढं बसायची. तात्या जन्मात कुणावर ओरडले नसतील, ते ओरडायला लागले. "बोटानं नाही, तळव्यानं! फिरव, फिरव, ती आपली आपण फिरली पाहिजे!" आईनंही एकदा गोळा त्यांच्या अंगावर फेकला. फसलेल्या भाकऱ्या बायडाबाईंच्या म्हशीला जायच्या. आठव्या दिवशी बायडाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, म्हस बी आता नगं म्हणालीया." पंधराव्या दिवशी पाचांतली एक भाकरी जरा गोल यायला लागली होती.

म्हाईच्या सकाळी आम्ही मुरगुडात पोचलो. अंगणात सहा चुली धडधडत होत्या. दुसऱ्या बाजूला पुरुषांनी मोठं पातेलं चढवलं होतं आणि तात्यांच्या हातात पळी दिली होती. कट्ट्यावर आण्णा नवा फेटा बांधून पाहुण्यांत बसलेले. येईल त्याला सांगत होते, "थांबा, भाकरी आमच्या सुनंच्या हातची खायाची हाय."

आई पहिल्या चुलीपुढं बसली. पदर खोचला, गोळा घेतला. मी तिच्या मागं उभी होते. तिच्या मानेवर घाम आलेला दिसत होता. पहिली भाकरी उचलताना मधोमध फाटली. दुसरी तव्यावर पडता पडता निम्मी चुलीत गेली. तिसरीला आदणाचा चटका बसून तिनं हात झटकला. शेजारच्या चुलीवरून चिमणाकाकी कट्ट्यापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं बायकांना म्हणाली, "कोल्लापुरात भाकरी अशी चुलीलाच वाढत्यात काय गं?" बायका हसल्या. कट्ट्यावरचे पाहुणे वळून बघायला लागले. आण्णांचं तोंड मला अजून आठवतं. बक्षिसासाठी नाव पुकारल्यावर उभं राहावं आणि कुणीतरी ते दुसऱ्याचं आहे म्हणून खाली बसवावं, तसे ते बघत होते.

आईनं हातातलं पीठ झटकलं आणि मान वर केली. ती आता सगळं सांगणार हे मला कळलं. तात्यांनाही कळलं. त्यांनी पळी शेजारच्याच्या हातात दिली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर चढवल्या आणि अख्खं अंगण ओलांडून बायकांच्या ओळीत आले.

"सरक जरा," ते आईला म्हणाले.

आणि हेडक्लार्क हंबीरराव भावकीसमोर, पाहुण्यांसमोर, स्वतःच्या बापासमोर मांडी घालून बसले आणि भाकरी थापायला लागले.

थप् थप् आवाज तेवढा येत होता. भाकरी तळव्याखाली गरगर फिरली, तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, जाळाशी लागली आणि टम्म फुगली. मग पुरुषांतून कुणीतरी ओरडला, "हंबीरराव, बांगड्या बी भरा की आता!" तात्यांनी मान वर न करता विचारलं, "भाकरी खाणार काय बांगड्या? आधी सांग, तसं वाढतो." अंगण हसलं, पण आता ते वेगळं हसणं होतं. पहिली भाकरी त्यानंच खाल्ली आणि दुसरीला हात पुढं केला.

कट्ट्यावर आण्णा उठून उभे राहिले. कुणाकडंही न बघता ते मोठ्यानं म्हणाले, "बांगड्या! सात वर्सं सोप्यात बसून थाप आइकली, आन् हातात बांगडी वाजत न्हाय ह्ये ह्या कानास्नी कळलं न्हाय!" मग तात्यांकडं बघून म्हणाले, "मग लेका, आंगूळ कवा करत हुतास तू?"

सगळे पुन्हा हसले. आण्णा मात्र हसले नाहीत. फेटा सारखा करत ते गोठ्याकडं निघून गेले. तात्यांचे हात क्षणभर थांबले. पण समोर पंगत बसली होती आणि भुकेल्या माणसांना थांबवणं त्यांना जमणारं नव्हतं. ते थापत राहिले. थोड्या वेळानं चिमणाकाकीनं त्यांची एक भाकरी उचलली, पापुद्रा सोडवून पाहिला, उन्हात धरला, आणि आपल्या काठवटीतलं पीठ त्यांच्या काठवटीत ओतलं.

आईनं ताट वाढलं. दोन भाकऱ्या, रस्सा, कांदा. मला पाण्याचा तांब्या घेऊन मागं यायला सांगितलं आणि ती सरळ गोठ्यात गेली. आण्णा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"मामंजी," आई म्हणाली, "सात वर्षं मी तुमच्याशी खोटं वागले. राग माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको. तुम्ही यायचं बंद कराल या भीतीनं ते बोलले नाहीत."

आण्णांनी ताट घेतलं आणि गव्हाणीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "राग न्हाय गं पोरी. लाज वाटालीया. मला वाटायचं, परक्याच्या लेकीच्या हातात धोंडूचा गुण कुठनं आला? तर तिचाच ल्योक आत बसल्याला. माझ्या भ्यानं." त्यांनी घास मोडला. "सोळा वर्सं झाली तिला जाऊन. हितं दोन भाकरी खाऊन उठतो मी. पोट भरत न्हाय. पर मागायची कुणाला? भावजयीला तोंडानं मागता येत न्हाय, आन् भाऊ कवा इचारत न्हाय. रयवारी कोल्लापुरात पोटभर जेवायचो बग."

आईला रडू आलं. मलाही आलं, पण ते बैलाच्या वासानं आलं असं मी तिला सांगितलं.

आम्ही परत आलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. पाहुणे तंबाखू मळत झाडाखाली पडलेले. तात्या एकटेच पहिल्या चुलीपाशी बसून होते. आण्णा आले, त्यांच्या समोर उकिडवे बसले आणि फेटा काढून बाजूला ठेवला.

"पीठ हाय शिल्लक?"

"हाय. दोन करतो तुमाला गरम."

"तू नगं. मला शिकीव."

आण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आयुष्यभर नांगर धरलेले हात, पिठाचा गोळा त्यात लिंबाएवढा दिसत होता. तात्या त्यांच्यावर ओरडले नाहीत. तळवा कसा ठेवायचा ते त्यांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवून दाखवलं. पहिली भाकरी दोन तुकडे होऊन निघाली. दुसरी एका बाजूनं जाड, एका बाजूनं करपलेली, पण एक भाकरी म्हणता येईल अशी. आण्णा तिच्याकडं असे बघत होते की तात्यांना हसू आवरेना आणि मग दोघंही बापलेक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

आता ती भाकरी ते स्वतः खातील असं आम्हाला वाटलं. आण्णा उठले. भाकरी थाळीत घेतली, पातेल्याच्या तळाचा रस्सा काढला आणि अंगणाच्या त्या टोकाला गेले, जिथं चिमणाकाकी भांड्यांच्या ढिगाऱ्यापुढं राख घेऊन बसली होती. सकाळपासून शंभर माणसांना वाढून. तिनं घाईनं पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं.

आण्णा तिच्यापुढं उभे राहिले. भिंतीशी नाही, भावाशी नाही, तिच्याशी बोलले.

"चिमणाबाई, तू जेवलीस काय?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग ऊठ. हात धू. ही मी केलीया."

चिमणाकाकीनं राखेचे हात धुतले, लुगड्याला पुसले आणि थाळी घेतली. घास तोंडात घातला. तीस वर्षांत ती थोरल्या दिराशी पहिल्यांदाच बोलली.

"मधी कच्ची हाय," ती म्हणाली, आणि तिथंच बसून तिनं ती सगळी भाकरी खाल्ली.